वरची बिजागरी

सोमवार, ६ तारीख

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुला तो हवा असो वा नसो, मला पत्र दुसऱ्या कशानं सुरू करता येत नाही.

आधी कामाचं. तुझी लेक शनिवारी येऊन गेली. दीड वर्ष ती याच शहरात शिकते आहे, पण माझ्याकडे येते ती तोंड दाखवण्यापुरती, घड्याळाकडे बघत. या वेळी मात्र दोन सोबती घेऊन आली आणि अख्खी दुपार थांबली. मला बरं वाटलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला तसं वाटणार नाही.

त्यांना परीक्षेसाठी आठ मिनिटांची फिल्म करायची आहे आणि त्यासाठी मागची खोली हवी आहे. तुझी खोली. मी म्हटलं, "माझंच घर कशाला?" तर म्हणाली, "आजी, असं दार दुसरीकडे कुठे नाही." मी फुशारकीनं सांगितलं की सागवानी आहे, आजकाल असं मिळत नाही. ती "हो ना" म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

कॅमेऱ्याचं काम करणारा मुलगा ताडमाड उंच आहे. त्याला सगळे शिडी म्हणतात. हा शिडी गुडघे दुमडून जमिनीवर बसला आणि तिथून खोली बघत राहिला. मग ठरलं की कॅमेरा खाली बसलेल्या लहान मुलीच्या डोळ्यांइतकाच उंच ठेवायचा, दाराच्या कडीच्या वर एकदाही न्यायचा नाही. म्हणजे मोठ्या माणसाचं तोंड फिल्ममध्ये दिसणारच नाही.

"बिनडोक्याची माणसं दाखवणार?" मी विचारलं.

"आजी, डोकी परवडत नाहीत आम्हाला," शिडी म्हणाला. सगळी हसली. मीही हसले.

भिंतींचा हिरवा रंग उडाला आहे तो तसाच हवा. पलंगावर राखाडी चादर. मुलीचा फ्रॉक भिंतीच्याच रंगाचा, म्हणजे ती भिंतीत मुरून जाईल. खरे रंग फक्त खिडकीबाहेर. तुझ्या लेकीनं कागदांवर चौकटी आखून एकेक दृश्य काढलं आहे. ते कागद चिकटपट्टीनं भिंतीला लावले. भिंतीचे पोपडे निघतील हे मी सांगितलंच.

आवाजांचं बघते ती मुलगी बुटकी, गळ्यात सदा हेडफोन. तिचं नाव कानसेन. तिनं आवाजांचा बेत वाचून दाखवला. संगीत मुळीच नाही. खिडकीतून सायकलवाल्याची हातोडी, कुणीतरी गाद्या झटकतंय, कबुतरं. मुलगी खिडकीशी बसली आहे. काही करत नाही, नुसती बसली आहे. मग एक आवाज येतो, बाहेरचे सगळे आवाज कापल्यासारखे बंद होतात आणि मुलगी हाताला लागेल ते काम उचलते.

एवढं मी बाहेरून ऐकलं आणि चहा घेऊन आत गेले. दार ढकललं, ते नेहमीसारखं कुरकुरलं.

"हाच! हाच!" कानसेन ओरडली. "अंगावर काटा आला. हीच आपली खलनायिका!"

तुझ्या लेकीनं टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला. मुलींच्या वसतिगृहात मी जन्मभर रेक्टर होते. टेबलाखालचे पाय मला दिसतात.

"कुणाची गोष्ट आहे ही?" मी विचारलं.

"कुणाची नाही ग आजी. आईनं सांगितलेली."

तू मुलीला काय काय सांगत बसतेस? घरात रिकामं बसलेलं मला चालत नसे, हे खरं. त्यानं कुणाचं वाईट झालं? गोष्टीचा पुढचा भाग तिनं मला सांगितला नाही, पण भिंतीवरच्या कागदांत आहे. ती मुलगी मोठी झाली आहे. तिचं स्वतःचं घर आहे, नवं दार आहे, त्याला आवाज नाही. तरी कुणी आत आलं की ती दचकून हातात फडकं घेते. हे तरी रचलेलं आहे ना? एवढंच कळव.

घर आवरायला काढलं आहे. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली सापडली. अर्धी भरलेली आहे.

आई

रविवार, १२ तारीख

चि. धाकटीस,

उत्तर नाही. असेल असं वाटलंही नव्हतं.

चित्रीकरण झालं. शेजारची लहान मुलगी फिल्ममधली मुलगी झाली आहे. गुणी आहे, सांगितलं की बसते, सांगितलं की उठते. शिडीला दोन दिवस जमिनीवर लोळावं लागलं. त्याची पाठ धरली, मी शेक दिला.

काल आवाजांचा दिवस होता. त्यांच्यात एक पद्धत आहे, ती मला ठाऊक नव्हती. काम झालं की सगळ्यांनी असतील तिथं पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि खोलीची शांतता भरून घ्यायची. कानसेन म्हणते, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, एकीची दुसरीला चालत नाही. मी म्हटलं, शांत कसं राहायचं हे मला शिकवू नका, मी ते शिकवून निवृत्त झाले. सगळी उभी राहिली. आणि थोड्या वेळानं कानसेन हळूच म्हणाली, "आजी, चादर."

मी चादरीची घडी घालत होते. मला कळलंही नव्हतं.

पुन्हा सुरू केलं. या वेळी मी पलंगाच्या कडेवरची धूळ बोटानं पुसली. शेवटी तुझ्या लेकीनं मला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. मला, वर्गाबाहेर काढतात तसं.

मग दार. तुझ्या लेकीनं ढकललं, तर ते लोण्यात सुरी जावी तसं उघडलं. पुन्हा ढकललं. काही नाही. शिडीनं दार उचलून, दाबून बघितलं. काही नाही.

"पहिल्याच दिवशी घेऊन ठेव म्हटलं नव्हतं मी?" तुझी लेक कानसेनवर उखडली.

"अगं, तेव्हा यंत्र कुठे आणलं होतं? नुसतं बघायला आलो होतो."

"कान दिलेत ते डूल घालायला का? एक दार, एक आवाज! तेवढं एक काम होतं तुझं."

कॉलेजची अट अशी की प्रत्येक आवाज त्या जागीच घेतलेला हवा. बाहेरचा उसना चालत नाही. तरी शिडीनं कॉम्प्युटरवर दोन-चार दारं वाजवून दाखवली. सगळी भुतांच्या वाड्यातली. तुझी लेक खाली बसली. म्हणाली, "हा आवाज नसेल तर माझ्याकडे फिल्मच नाही. एक मुलगी उगाचच दचकते, एवढंच राहील." बुधवारी, बावीसला, फिल्म द्यायची आहे.

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "आजी, दाराला काय झालं ग?"

मी म्हटलं, "हवा बदलली की लाकूड बदलतं."

कानसेन रडत गेली. चहा तसाच, यंत्राची पिशवी तशीच. मुलांनी वेळची कामं वेळेवर करायला नकोत का? आमच्या वेळी आम्ही करत होतो.

हवा खरंच बदलली आहे. सकाळी गारवा असतो.

आई

मंगळवार, १४ तारीख

धाकटे,

हवा बदललेली नाही.

मी तेल घातलं. सहा तारखेचं पत्र पेटीत टाकून आले, स्टुलावर चढले आणि दोन्ही बिजागऱ्यांत तेल सोडलं. दार पुढेमागे करून मुरवलं. ओघळ पुसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं ते फडकं मी दोनदा धुतलं आणि मागच्या दोरीवर न घालता न्हाणीघरात वाळवलं.

त्या मुलीनं खलनायिका म्हटलं म्हणून नाही. ती परकी पोर, तिला काय ठाऊक. तुझी लेक गप्प बसली म्हणून. "नाही ग, माझी आजी तशी नाही," असं ती म्हणेल म्हणून मी ट्रे हातात धरून थांबले होते. ती बशा लावायला लागली.

हे तुला कळवायचं नव्हतं. पण काल कानसेन एकटी आली. मला वाटलं पिशवी न्यायला आली असेल. तर म्हणाली, "आजी, थोडा वेळ खोलीत बसू का? तुमची हरकत नसेल तर. काही तरी जमतंय का बघते." मी बस म्हटलं. थोड्या वेळानं डोकावले. ती दाराच्या फळीला ओल्या फडक्यानं पाणी लावत होती आणि कान टेकवून ऐकत होती. मी लाकूड बदलतं म्हणाले होते ना? म्हणून लाकूड. बिजागरीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझ्यासारख्या बाईनं सांगितलं म्हणजे ते तसंच असणार.

मला बघून दचकली आणि म्हणाली, "सॉरी हं आजी, तुमच्या घरात आमचा उच्छाद चाललाय."

मी तिला चहा करून दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर चोरानं संन्याशाला चहा पाजायचा. तोंड उघडलं होतं मी. "साखर पुरे का?" एवढंच बाहेर पडलं.

ती म्हणाली, तुझी लेक तिच्याशी बोलत नाही. एका बाकावर बसतात, बोलत नाहीत.

हे पत्र मी टाकणार आहे. उद्या सकाळी विचार बदलेल म्हणून आत्ताच निघते.

आई

शुक्रवार, १७ तारीख

चि. धाकटीस,

सांगितलं. बुधवारी तिघांनाही बोलावलं, मागच्या खोलीत बसवलं आणि उभ्यानंच सांगितलं. "दाराला तेल मी घातलं. तुमच्यापैकी कुणाचीही चूक नाही. हवा वगैरे सगळं खोटं."

मला वाटलं होतं तुझी लेक चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी बोलायला सुरुवात केली तसं तिनं पायाशी पडलेली वायर उचलली आणि गुंडाळायला घेतली. वायर गुंडाळलेलीच होती. ती तिनं सोडली आणि पुन्हा गुंडाळली. मी बोलत होते तोवर तिचे हात थांबले नाहीत.

ती तर या घरात वाढलीही नाही, धाकटे.

पहिल्या पत्रात मी तुला एक प्रश्न विचारला होता, हे तरी रचलेलं आहे ना म्हणून. त्याचं उत्तर देऊ नकोस. मिळालं.

 कानसेननं विचारलं, "आजी, तेल कुठलं होतं? खोबरेल?"

"शिवणयंत्राचं."

"मग पातळ आहे! साबणानं निघेल!" तिचा चेहरा असा उजळला की मला मान खाली घालावी लागली. तुझी लेक तिला एवढंच म्हणाली, "डूल छान आहेत ग तुझे." आणि दोघी हसल्या. त्यांच्यात माफी अशी मागतात वाटतं. मला तेवढं सोपं जमलं नाही. मी कानसेनला म्हटलं, "तुझ्याशी मी वाईट वागले." ती घाबरून "नाही नाही आजी" म्हणत उठून उभीच राहिली.

साबणाच्या पाण्यानं बिजागऱ्या घासल्या. तेल निघालं, आवाज आला नाही. मग मी थोरल्याला फोन केला, त्याला हत्यारांतलं कळतं म्हणून. सगळं ऐकून तो इतका हसला की मी फोन ठेवणार होते.

"आई, त्या दाराला तेल कधी टिकलंय? दर वेळी तू सुताराला झापायचीस, की तुझ्या तेलात पाणी आहे. बिचारा शपथा घ्यायचा. धाकटी मीठ घालायची त्यात!"

"मीठ? कशाला?"

"गंज चढायला. तू येतेस ते कळायला नको? घंटा होती ती आमची." मग त्याचं हसू थांबलं. म्हणाला, "आई? आहेस ना?"

मी होते. मला मीठ आठवत होतं. आपल्या घरात मीठ फार लागतं म्हणून मी तुझ्या बाबांना बोलायचे, की वरून घेऊन घेऊन तुमचं ब्लडप्रेशर वाढेल. ते काही न बोलता ऐकून घ्यायचे. त्यांना ठाऊक होतं का ग? तू सांगितलं होतंस त्यांना?

ते दार आपोआप कुरकुरतं असंच मी समजत होते. घराचा स्वभाव. आणि तू, तेव्हा किती असशील, कडीला हात पुरत नव्हता तुझा, स्टूल ओढून त्यावर चढत असशील. मी तेल घालायला चढले ते तेच स्टूल.

आता मुद्द्याचं. बुधवारी दुपारपासून मी मीठ घालते आहे. दार मुकंच आहे. एकदा थोडं चिरकलं, पण कानसेन म्हणते हा आवाज तो नाही. तिच्या कानावर माझा विश्वास आहे. फिल्म बावीसला द्यायची आहे.

तर मीठ किती? कोरडं की पाण्यातून? दोन्ही बिजागऱ्यांना की एकाच? मध्ये पुसायचं असतं का?

तुला मी आजवर कधी काही विचारलेलं नाही. सांगतच आले. हे विचारते आहे.

पोस्टाला वेळ नाही. या पत्राचा फोटो काढून तुझी लेक मोबाइलवर पाठवेल. म्हणजे तीही हे वाचेल. वाचू दे.

आई

बुधवार, २२ तारीख

चि. धाकटीस,

तुझं उत्तर शनिवारी आलं. तुझ्या लेकीनं वाचून दाखवलं नाही, मोबाइल माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे गेली.

"मीठ लिंबाच्या रसात. फक्त वरची बिजागरी. खालचीला लावलं तर दार नुसतं ओरडतं. पुसू नकोस, राहू दे."

पत्राचा मायना नाही, सही नाही. मी ते बऱ्याच वेळा वाचलं. 'राहू दे' असं या घरात मला कुणी सांगितलेलं नाही.

खालची पुन्हा साबणानं धुतली, वरचीला लिंबू-मीठ लावलं. हात पुसायला जात होता, मागे घेतला. रविवारी काही नाही. सोमवारी उजाडता उजाडता दार उघडलं आणि ते बोललं. अगदी तसंच, आधी बारीक, मग खर्जात, आणि शेवटी तो तुटल्यासारखा ठोका. मी जागच्या जागी उभी राहिले. मुलांना फोन केला.

दार कुणी ढकलायचं यावर चर्चा झाली. शिडीनं ढकललं तर शिडीसारखं वाजलं. तुझी लेक म्हणाली, "आजी, तूच ढकल." शेजारची मुलगी खिडकीशी बसली. चित्रीकरण झालेलंच होतं, पण तिला आत बसायचं होतं, मजा म्हणून. कानसेननं हेडफोन चढवले.

पहिल्यांदा ढकललं. कानसेननं मान हलवली. "आजी, तुम्ही परवानगी मागितल्यासारखं ढकलताय."

दुसऱ्यांदाही तेच. मी म्हटलं, "मग कसं ढकलू?"

 तुझी लेक हळूच म्हणाली, "तुला माहीत आहे, आजी."

मला माहीत होतं. तळवा पूर्ण टेकवायचा आणि न थांबता आत यायचं, खोली आपलीच असल्यासारखं. तसं ढकललं. दार वाजलं. खिडकीशी बसलेल्या त्या मुलीला कुणी काही सांगितलं नव्हतं, कॅमेरा बंद होता. तिनं झटकन शेजारची चादर ओढली आणि घडी घालायला लागली.

"मिळाला!" कानसेन ओरडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीनंही वाजवल्या.

तुमच्या लहानपणी मी ते दार दिवसातून किती वेळा उघडत होते, आणि दर वेळी आत तुम्ही दोघं कामात असायचा. केवढा अभिमान होता मला! बायकांत सांगायचे, माझी मुलं रिकामी बसत नाहीत. काल पहिल्यांदा मी ते दार उघडण्याआधीची खोली पाहिली, शिडीच्या कॉम्प्युटरवर, आवाज जोडलेल्या फिल्ममध्ये. मुलगी खिडकीशी बसली आहे, ऊन तिच्या गुडघ्यांवर आहे, बाहेर सायकलवाला ठोकतो आहे. किती बरी दिसत होती ती. मला वाटलं, आता आवाज येऊ नये.

आला. वेळेवर आला. माझाच होता.

मी स्वयंपाकघरात गेले. पाठोपाठ तुझी लेक आली. मी ओटा पुसत होते. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, फडकं काढून घेतलं आणि नळावर टाकलं. म्हणाली, "चल, बस जरा." आम्ही दोघी बसलो. काय करायचं हे दोघींनाही कळत नव्हतं. पण बसलो.

फिल्म आज सकाळी दिली. पुढच्या महिन्यात पाच तारखेला कॉलेजात दाखवणार आहेत. पालकांनी यावं अशी त्यांची इच्छा आहे. माझं तोंड त्यात कुठे नाही. मी फक्त ऐकू येते.

दाराला मी हात लावलेला नाही. तेलाची बाटली मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवली आहे, शेजारी मिठाचा डबा. दार तुझं आहे, काय घालायचं ते तू ठरव. ठरवलं नाहीस तरी चालेल, राहू दे.

आलीस तर तिथं खिडकीशी बस. मी आत आले तर उठू नकोस, काही उचलू नकोस. नुसती बस.

आई